जपाला बसलं की मन जास्तच पळतं, तुमचंही असं होतं का?

सांजवात
नमस्कार मंडळी. इथे रोज वाचते, लिहितेय मात्र पहिल्यांदाच, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

फेब्रुवारीत बाबांची बायपास झाली. ऑपरेशन नीट झालं, घरी आले, आता अंगणात चार फेऱ्याही मारतात, पण माझंच काहीतरी बिघडलंय. रात्री अडीच-तीनला जाग येते आणि मी उठून त्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहते, श्वास ऐकू येतोय ना बघायला. ऐकू आला की परत येऊन पडते, झोप काही येत नाही. आई म्हणाली सकाळी जपाला बस, आजीची तुळशीची माळ गोमुखीसकट देव्हाऱ्यातच आहे, तीच घे. म्हणून दोन महिने बसतेय. श्रीराम जय राम जय जय राम, रोज पाच माळा.

आणि खरं सांगते, मन आधीपेक्षा जास्त पळतंय. चौथ्या-पाचव्या मण्यालाच बाबांची रक्त पातळ करायची गोळी संपत आलीय हे आठवतं, तिथून मेडिकलवाला, तिथून त्याच्याकडे राहिलेले सुट्टे पैसे, तिथून लेकाची दहावी, आणि एकदम बोटाला मेरुमणी लागतो. म्हणजे १०८ झाले. हात फिरला, ओठ हलले, मी त्यात कुठेच नव्हते. पोळ्या लाटताना इतके विचार येत नाहीत जितके देवासमोर डोळे मिटल्यावर येतात. मग स्वतःचाच राग येतो आणि बसताना होते त्यापेक्षा जास्त थकून उठते.

दोनच प्रश्न आहेत. मन नसताना केलेला जप वाया जातो का? आणि जमत नसेल तर थांबवावा, की काही वेगळं करून बघावं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा प्लीज.

माणदेशी वारा
ताई, थांबवू नका एवढं आधी सांगतो, बाकीचं मागाहून.

माझं आजोळ गोंदवल्याच्या पट्ट्यातलं. ब्रह्मचैतन्य महाराजांनी (१८४५-१९१३) तुम्ही घेताय तोच तेरा अक्षरांचा मंत्र संसारात पिचलेल्या माणसांना दिला, गुहेत बसलेल्यांना नाही. मन लागलं तर नाम घ्या असं त्यांचं सांगणं नव्हतंच, घेत राहा, लागायचं ते लागेल. माझी मामी सुपात ज्वारी घेऊन खडे निवडायची आणि ओठ हलत असायचे. मधेच कोंबडीला हाकलायची, शेजारणीला उत्तर द्यायची आणि परत ओठ सुरू. लहानपणी मला वाटायचं ती ज्वारीशी बोलते.

निळाई
अगदी माझीच गोष्ट लिहिलीत. फक्त मेडिकलवाल्याच्या जागी ऑफिसचं मेल.

पोथीवाचक
सांजवात ताई, एक विचारू? तुम्ही जप मनातल्या मनात करता की आवाज काढून? ओठ हलतात म्हणालात म्हणून विचारतोय.

जपाचे तीन प्रकार सांगितलेत. वाचिक म्हणजे दुसऱ्याला ऐकू जाईल असा, उपांशु म्हणजे ओठ हलतात पण शेजारच्यालाही ऐकू येत नाही, आणि मानस. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात म्हटलंय की विधियज्ञापेक्षा जपयज्ञ दसपट श्रेष्ठ, उपांशु शंभरपट आणि मानस हजारपट. हे वाचून लोक एकदम हजारपटीवर उडी मारतात आणि तिथेच फसतं. मानस जपात मनालाच काम दिलेलं असतं आणि तेच तर पळकुटं. त्याला धरून ठेवायला ना आवाज आहे ना कान. माझ्या मते ती शिडी आहे, खालच्या पायरीपासून चढायची. पहिले सहा महिने खणखणीत म्हणा. तोंडाने म्हटलेलं कानाने ऐकायचं, एवढंच ध्यान. ऐकू आलं नाही की कळतं आपण सुटलो.

सांजवात
@पोथीवाचक ओठच हलतात फक्त. सकाळी सगळे झोपलेले असतात, बाबांची झोप मोडेल म्हणून आवाज काढत नाही.

साडेसातची लोकल
आवाजाचं निघालंच आहे तर आमच्या डब्याचं सांगतो.

मी कल्याणहून सीएसटीला जातो, सव्वीस वर्षं झाली. आमच्या डब्यात भजनी मंडळ आहे, टाळ असतात, पखवाजाच्या जागी डब्याचा पत्रा. सुरुवात जय जय रामकृष्ण हरी, ठाण्यापर्यंत रूपाचा अभंग, घाटकोपर-कुर्ल्यापर्यंत गवळण, आणि दादर गेलं की पसायदान कारण माणसं उतरायला लागतात. चौथ्या सीटवर बसणारा माणूस, बगलेत कुणाचातरी कोपर, पाठीवर कुणाचीतरी बॅग, आणि त्या अवस्थेत टाळाचा ठेका चुकत नाही. चुकला तर समोरचा बघतो ना.

माझा मोठा भाऊ २०२१ मध्ये गेला. कोविडच. त्यानंतर लोकल पूर्ववत सुरू झाली तेव्हा मी पहिले काही दिवस दुसऱ्या डब्यात चढायचो, मला गायचं नव्हतं. एक दिवस मंडळातल्या बुवांनी प्लॅटफॉर्मवर गाठलं, काही बोलले नाहीत, टाळ हातात दिले. मी गायलो नाही, नुसते टाळ वाजवले. सव्वा तास. त्या सव्वा तासात भावाची आठवण आली नाही असं नाही, सारखी आली, पण ती ठेक्यात आली. याहून नीट मला सांगता येत नाही.

एकट्याने डोळे मिटून बसणं सगळ्यांना झेपतंच असं नाही ताई, आणि त्यात काही कमीपणा नाही. जवळपास हरिपाठाला चारजणी जमत असतील तर त्यांच्यात जाऊन बसा.

निळाई
@साडेसातची लोकल "ती ठेक्यात आली" हे वाचून थांबले काही वेळ.

खडूफळा
मी देव मानत नाही हे आधीच सांगतो, पण धागा मनापासून वाचतोय आणि कुणाची श्रद्धा खोडायला आलेलो नाही.

शाळेत विज्ञान शिकवतो. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बेर्नार्दी नावाच्या इटालियन डॉक्टरांचा एक अभ्यास आला होता. २३ निरोगी माणसांना त्यांनी एकदा लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा ॐ मणि पद्मे ॐ हा मंत्र. दोन्ही वेळेला श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला, एरवी आपण बारा-पंधरा तरी घेतो. त्या गतीला हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांचा चढउतार एका लयीत येतो असं त्यांना दिसलं. म्हणजे धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण ओळीची लांबी अशी की माणूस सावकाश श्वास सोडतो.

माझं म्हणणं एवढंच की ताई, तुम्ही अर्थ, एकाग्रता, पाप-पुण्य सगळं बाजूला ठेवा आणि मंत्र सावकाश म्हणा. पाच माळा उरकायच्या म्हणून घाईत म्हणत असाल तर श्वास उथळ राहतो आणि थकवा येणारच.

पोथीवाचक
@खडूफळा श्वासाचं पटलं. पण "अर्थ बाजूला ठेवा" याला माझा विरोध आहे. पतंजलींचं सूत्रच आहे तज्जपस्तदर्थभावनम्, जप म्हणजे त्याच्या अर्थाची भावना. नुसती लय हवी असेल तर पाढे म्हणूनही येईल.

खडूफळा
पाढे म्हणूनही येईल, हेच तर म्हणतोय 🙂

कुंदकळी
माझे आजोबा खरंच पाढे म्हणायचे झोप येत नसली की. पावकी, निमकी, अडीचकी. शेवटी श्रीराम.

माणदेशी वारा
अर्थाचा वाद चालू द्या, पण मामीला "जय" शब्दाचा अर्थ विचारला असता तर तिने सूप थांबवून माझ्याकडे बघितलं असतं. तिच्या मनात अर्थ नव्हता, माणूस होता. राम म्हणजे तिचा कुणीतरी होता. हाक मारताना आपण नावाचा अर्थ बघतो का?

पोथीवाचक
@माणदेशी वारा हे मान्य. अर्थ म्हणजे शब्दकोशातला नव्हे, नाव ज्याचं त्याच्याकडे वळणं. मी नीट लिहायला हवं होतं.

आकडेमोड
थोडं अवांतर. नाशिकजवळ टाकळीला गोदावरी-नंदिनीच्या संगमावर समर्थांनी बारा वर्षं पुरश्चरण केलं, याच मंत्राचा तेरा कोटी जप, अशी परंपरा आहे. मी हिशेब मांडला. बारा वर्षांचे दिवस ४३८०, म्हणजे रोजचे २९,६८० च्या घरात, माळा २७५. एका जपाला दीड सेकंद धरला तर रोज बारा तासांच्या वर, तेही कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून. आपण पाच माळांत मन लागत नाही म्हणतोय.

निळाई
@आकडेमोड हा हिशेब ताईंना धीर द्यायला की घाबरवायला?

आकडेमोड
धीर द्यायलाच! म्हणजे असं की ज्यांनी मनाला उद्देशून २०५ श्लोक लिहिले त्या माणसाला मन किती चिवट आहे ते पुरतं ठाऊक होतं. मन एका बैठकीत ऐकणारं असतं तर २०५ लागलेच नसते. आणि सुरुवात कशी केलीय बघा, मना सज्जना. आपण आपल्या मनाला काय काय म्हणतो, माकड म्हणतो, मेलं म्हणतो. त्यांनी आधी सज्जन म्हटलं, मग समजावलं. ताई, तुम्ही लिहिलंय स्वतःचाच राग येतो. तो राग काढून टाकला तर निम्मा थकवा जाईल असं मला वाटतं.

गुरुकृपा११
इथे कुणी मूळ मुद्दा लिहिला नाही. मंत्र हा गुरुमुखातून घ्यावा लागतो. पुस्तकातून, आईने सांगितलं म्हणून घेतलेल्या मंत्राने फळ येत नाही, उलट त्रास होतो. ताईंना होतोय तो त्यामुळेच.

पोथीवाचक
@गुरुकृपा११ बीजमंत्रांबद्दल, विशिष्ट अनुष्ठानांबद्दल बोलत असाल तर ठीक, ते जाणत्याकडूनच घ्यावं. पण नामाला दीक्षेची अट नाही. आणि ज्या बाईची रात्रीची झोप उडालीय तिला "तुमच्या जपामुळेच त्रास होतोय" सांगून तिच्या भीतीत भर घालू नका, कळकळीने सांगतो.

साडेसातची लोकल
तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी रामकृष्ण हरी हा मंत्र स्वप्नात दिला, माघ शुद्ध दशमी, गुरुवार, त्यांनीच अभंगात सांगून ठेवलंय. आणि मग त्यांनी तो गुप्त ठेवला नाही, सगळ्या वाटेवर उधळला. आज तो डब्यात पत्रा वाजवून म्हणतो आम्ही, आषाढीला लाखो माणसं म्हणतात. कुणाकुणाला विचारणार दीक्षा झाली का?

गुरुकृपा११
माझा उद्देश घाबरवायचा नव्हता. मला स्वतःला गुरूंमुळे वाट सापडली, तीन वर्षं भरकटलो होतो त्याआधी, म्हणून तळमळीने लिहिलं. ताई, नाम सोडू नका, त्यात मीही इतरांसारखाच.

मांडवीकाठ
गोव्याहून लिहितेय. आवाजाचा मुद्दा आला म्हणून आमच्या चवथीचं सांगते. घरात घुमट आरती असते, घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं. पूर्वी घोरपडीचं असायचं, आता बंदी आहे, बोकडाचं लावतात. शामेळ, कांसाळें आणि दहाबारा घुमटं एका खोलीत, कानठळ्या बसतात. आणि आमची आजी, जिला एरवी दाराची कडी वाजलेली खपत नसे, ती त्या गदारोळात भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची. शांत. मला कळायचं नाही कसं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, भायर इतलो आवाज आसलो म्हणटकच भितर वगी जाता.

(बाहेर एवढा आवाज असला म्हणजेच आत गप्प होतं.)

रात्रपाळी
आयसीयूत स्टाफ नर्स आहे, अठरा वर्षं झाली. दोन गोष्टी लिहिते, एक सांजवात ताईंसाठी आणि एक माझ्यासाठी.

ताई, रात्री अडीचला उठून दाराशी उभं राहणं, महिनोन् महिने झोप न लागणं, सतत काहीतरी होईल असं वाटणं, हे बायपासच्या पेशंटच्या घरच्यांत मी सारखं बघते. सगळं लक्ष पेशंटवर असतं, सांभाळणाऱ्याला कुणी विचारत नाही. जप चालू ठेवा, पण जोडीला डॉक्टरांशीही बोला. लगेच जाणं होत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. देवावरचा विश्वास कमी पडला म्हणून डॉक्टर लागतो असं अजिबात नसतं. बाबांसाठी डॉक्टर केला ना, मग स्वतःसाठी का नाही.

दुसरी गोष्ट. एक आजी होत्या बेड सहावर, बायपॅप मास्क (श्वासाला मदत करणाऱ्या मशीनचा) लावलेला. तो मास्क लावला की माणसं घाबरतात, गुदमरल्यासारखं होतं, ओढून काढतात, हात बांधायची वेळ येते. या आजी शांत. मी जवळ गेले तर मास्कच्या आत ओठ हलत होते आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता, एकेका पेरावर थांबून. सलाईन त्याच हाताला. मी सलाईन डाव्या हाताला घेतलं. एवढंच. बाकीच्या वेळी मी मशीनचे आकडे बघते, त्या रात्री मी त्यांचा अंगठा बघत होते, थांबला की जाऊन बघायचं. पहाटे तो थांबला तेव्हा धावले, तर आजींना झोप लागली होती. चार दिवसांनी वॉर्डात गेल्या.

मी तोवर कधी जप केला नव्हता. आता ड्युटी संपल्यावर बस येईपर्यंत करते, बोटांच्या पेरांवरच.

सांजवात
@रात्रपाळी ताई, तुमची पोस्ट वाचून रडले. कुणीतरी मला विचारलं पहिल्यांदा. उद्या फोन लावते.

पाटपाणी
मी शेतकरी, ऊस आणि थोडी भाजी. लिहिणं जमत नाही फार, पण एक सांगतो.

आमच्याकडं शेतीची लाईट आठवड्याआड रात्रीची असते. रात्री दोनला दारं धरायला (उसाला पाणी द्यायला) जायचं, एक हातात बॅटरी एक हातात फावडं, पायात गमबूट, बिबट्याची भीती वेगळीच. एकट्याला नाही नाही ते विचार येतात, सोसायटीचं कर्ज, पोरीचं लग्न, सगळं अंधारात मोठं दिसतं. वडील सांगायचे दारं धरताना विठ्ठल विठ्ठल म्हणायचं, मोठ्यानं म्हणायचं, जनावरालाही कळतं माणूस आहे म्हणून. तसं म्हणतो.

पाण्याचं काय असतं, एक सरी भरली की ते आपोआप थांबत नाही, फुटून भलतीकडं जातं. मग त्याच्यावर चिडून उपयोग नाही. फावड्यानं दोन ढेकळं इकडची काढून तिकडं लावायची, की वळतं. रात्रभर तेच काम. कुणी म्हणत नाही की पाणी शंभर वेळा फुटलं म्हणजे दारं धरणं वाया गेलं. शंभर वेळा वळवलं म्हणूनच सगळा ऊस भिजला. ताईंनी विचारलंय जप वाया जातो का, त्याला माझं उत्तर हे.

निळाई
🙏

ओवीवेडा
पाटपाणी दादांनी जे लिहिलं त्याच्या जवळचं माउलींचं सांगतो.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन हेच विचारतो. मन चंचल आहे, वारा मुठीत धरावा तसं ते धरणं अवघड आहे, म्हणजे सांजवात ताईंचा प्रश्न अगदी थेट अर्जुनाचा आहे. भगवंत नाही म्हणत नाहीत, हो, अवघडच आहे म्हणतात, आणि उपाय सांगतात अभ्यास आणि वैराग्य. आता मूळ श्लोक इथे थांबतो. पण शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगताना माउली इथे स्वतःचं एक वाक्य घालतात, "यया मनाचें एक निकें". या मनात एक गोष्ट चांगली आहे. कुठली, तर जिथे गोडी चाखली तिथेच ते पुन्हा पुन्हा ओढ घेतं, चटावतं. म्हणून त्याला त्या अनुभवाचं सुख कौतुकाने दाखवत जा, असं पुढे म्हणतात.

कौतुकाने. लहान मुलाला भरवतात तसं. ज्या चटावण्याला आपण दोष म्हणतो तोच त्यांनी उपयोगाला लावला. मी कितीतरी वर्षं मनाला आसनावर बांधायचा प्रयत्न केला आणि ही ओवी कळल्यावर सोडून दिला. आता उलटं बघतो, मला नामात कधी गोड वाटलंय? एकट्याने सकाळी पाचला कधीच नाही. संध्याकाळी देवळात कुणीतरी पेटीवर सूर धरला आणि मी मागे बसलो की वाटतं. मग मी तिथे जातो. सांजवात ताई, तुम्हाला गोडी कुठे लागली होती आधी, कधीतरी? तिथून सुरुवात करा. पाच माळांचा आकडा कुणी घालून दिलाय?

कुंदकळी
माझी लेक सहा वर्षांची. मी माळ घेऊन बसले की विचारते, आई, तू मोजतेस की देव मोजतो? मी म्हटलं मी. तर म्हणे मग देव काय करतो? अजून उत्तर सापडलेलं नाही.

परवचा
उशिरा आलो धाग्यावर. ओवीवेडा यांच्या प्रश्नाला धरून माझा अनुभव.

मलाही एकच नाम घेऊन बसणं जमत नाही. माझ्या मनाला चालायला वाट लागते. म्हणून मी रामरक्षेकडे वळलो, लहानपणी दिवेलागणीला परवचा म्हणायचो त्यात होतीच. बुधकौशिक ऋषींची, बहुतेक अनुष्टुप छंदात, म्हणजे ओळीला सोळा अक्षरं, एका श्वासात एक ओळ सहज बसते (खडूफळा सर, तुमचा मुद्दा इथे लागू पडतो). पण खरी गंमत तिच्या मधल्या कवचाच्या भागात आहे. शिरो मे राघवः पातु म्हणताना लक्ष डोक्यावर, मग कपाळ, डोळे, कान, नाक, तोंड, असं करत थेट पावलांपर्यंत. आणि प्रत्येक अवयवाला रामाचं वेगळं नाव, तेही सहज जोडलेलं नाही. कान राखायला विश्वामित्रप्रिय, ज्याने गुरूचं ऐकलं. दंडांना शिवधनुष्य मोडणारा. हातांना सीतापती, ज्याने तिचा हात हातात घेतला. म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत अख्खं रामायण अंगावरून फिरतं. मनाला पळायला जागाच राहत नाही, कारण ते चालतच असतं, फक्त ठरलेल्या रस्त्याने.

माझे वडील आम्हाला त्या त्या अवयवाला हात लावायला सांगायचे. आम्ही भावंडं एकमेकांची नाकं धरायचो.

मांडवीकाठ
आमच्याकडेही अशीच म्हणायचे, दिवली लावल्यावर. विसरूनच गेले होते मी.

खडूफळा
@परवचा अवयवागणिक लक्ष फिरवणं हे आजकाल ताण कमी करायला मुद्दाम शिकवतात. हे मला खरोखर आवडलं. आईला विचारतो, तिला येते का.

*(साधारण पाच आठवड्यांनंतर)*

सांजवात
मंडळी, धागा वर काढतेय, कारण तुम्ही इतक्या आपुलकीने लिहिलंत आणि मी मधेच गायब झाले.

आधी रात्रपाळी ताईंना. १४४१६ ला फोन केला, त्यांनी जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सांगितलं, गेले. औषध सुरू आहे, कमी डोसचं. झोप पुष्कळ बरी आहे. अजूनही आठवड्यातून दोनदा दाराशी जाऊन उभी राहते, पण जाते आणि येते, तासभर तिथे राहत नाही.

जपाचं सांगते. ओवीवेडा दादांनी विचारलं की गोडी कुठे लागली होती. दोन दिवस आठवत बसले. मला सकाळच्या जपात कधीच लागली नव्हती, ती आजीची वेळ होती, माझी नव्हे. माझी वेळ दिवेलागणीची. लहान असताना बाबा दुकान बंद करून यायचे, पाय धुवायचे, आणि ओल्या पायांनीच पाटावर बसून रामरक्षा म्हणायचे, मी त्यांच्या मांडीला टेकून. फरशीवर त्यांच्या पावलांचे ओले ठसे असायचे, ते वाळून जाईपर्यंत रामरक्षा संपायची. परवचा दादांची पोस्ट वाचली आणि ते ठसेच दिसले.

बाबांनी ऑपरेशननंतर म्हणणं सोडलं होतं. दम लागतो म्हणाले. मी काही बोलले नाही, संध्याकाळी दिवा लावला आणि त्यांच्या खुर्चीशेजारी बसून मोठ्याने सुरू केली. मला मधलं येत नव्हतं. घ्राणं पातु मखत्राता पर्यंत आले आणि अडले. बाबांनी डोळे मिटलेलेच होते, त्यांनी पुढचं म्हटलं, मुखं सौमित्रिवत्सलः. आणि मग तेच म्हणत गेले, सावकाश, ओळीला थांबत, मी मागून. हात एकेका जागी नेत होते, जीभ, कंठ, खांदे. करौ सीतापतिः पातु ला दोन्ही तळवे उघडे केले. आणि हृदयं जामदग्न्यजित् ला तळवा छातीवर, शर्टाची वरची दोन बटणं उघडीच असतात त्यांची, टाके होते ती उभी रेघ दिसते तिच्यावर. तिथे जरा जास्त थांबले. मग पुढे गेले.

आता रोज म्हणतो. माझं मन पळतं अजून, परवा नाभीपासून गुडघ्यापर्यंत मी लेकाच्या क्लासच्या फीमध्ये होते. पण बाबांचा आवाज पुढे गेलेला असतो, त्याच्यामागे धावत जाऊन गाठते. राग येत नाही. माळ परत गोमुखीत ठेवलीय, आजीची आहे, कधीतरी तिचीही वेळ येईल.

पाटपाणी दादा, तुमचं फावडं आमच्या घरात रोजच्या बोलण्यात आलंय. लेक म्हणतो, आई, फुटलं पाणी, वळव.

पाटपाणी
लई बरं वाटलं ताई. बाबांना नमस्कार सांगा.

रात्रपाळी
औषध मधेच बंद करू नका बरं वाटलं म्हणून, डॉक्टर सांगतील तेव्हाच. आणि बाबांना दम लागत असेल तर ओळ दोन श्वासात तोडली तरी चालते.

साडेसातची लोकल
आज डब्यात बुवांना ही गोष्ट सांगितली, मुलुंडला. त्यांनी पुढचा अभंग सुरूच केला नाही, विक्रोळीपर्यंत सगळा डबा रामरक्षा म्हणत होता. ज्यांना येत नव्हती ते नुसते टाळ धरून होते.

परवचा
ताई, बाबा कुठल्या चालीत म्हणतात? आमच्याकडे घरागणिक चाल वेगळी असायची, म्हणून विचारतो.

सांजवात
@परवचा चाल अशी नाहीच, सपाट म्हणतात, दुकानाचा हिशेब वाचल्यासारखी. पातु वर मात्र दरवेळी आवाज किंचित खाली येतो. रेकॉर्ड करून ठेवीन म्हणतेय. हाक मारतायत आता, दिवा लावायचाय, येते.